बिल शून्य आलं, तरी कोळशाचे संच का चालतात?

प्रश्न विचारणारे सोलापूरजवळ राहतात. गच्चीवर तीन किलोवॅटचं सौर बसवलंय, दोन महिने बिलात फक्त स्थिर आकार आला. गावाबाहेरही शेतीपंपांसाठी सौर प्रकल्प उभा राहतोय. त्यांचं म्हणणं असं: उन्हातून एवढी वीज मिळते, तर कोळशावर वीज बनवणारे संच बंद का करत नाहीत? कोयना धरणाची वीज स्वस्त आहे, तर ती चोवीस तास का घेत नाहीत? यातलं सगळ्यात चांगलं इंधन कोणतं? आणि शेवटी थोडं वैतागून विचारलंय, भर उन्हात लाइट गेली की माझं सौरही बंद का पडतं?

मी चौतीस वर्षं वीजक्षेत्रात काढली. निम्मी विदर्भातल्या औष्णिक केंद्रात बॉयलरपाशी, उरलेली लोड डिस्पॅचच्या, म्हणजे राज्यभरची निर्मिती आणि मागणी जुळवणाऱ्या, नियंत्रण कक्षात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

सुरुवात तुमच्या बिलापासून करू. तीन किलोवॅटचं सौर आपल्याकडे दिवसाला साधारण बारा युनिट देतं. त्यातलं बहुतेक सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळात. तेव्हा घरात काय चालू असतं? फ्रिज आणि एखादा पंखा. उरलेली वीज मीटरमधून बाहेर जाते, शेजारच्या घरात किंवा पलीकडच्या पिठाच्या गिरणीत वापरली जाते. संध्याकाळी सात वाजता तुमच्याकडे दिवे, टीव्ही, मिक्सर, कूलर सगळं सुरू होतं आणि पॅनल थंड पडलेलं असतं. तेव्हा तुम्ही जी वीज घेता ती चंद्रपूरच्या कोळशाची असते, कोयनेच्या पाण्याची असते, तारापूरच्या अणुभट्टीची असते. महिनाअखेरीला दिलेली आणि घेतलेली युनिटं वजा होतात, म्हणून बिल शून्य. हिशेब चोख आहे आणि तुम्ही केलेली गुंतवणूकही योग्य आहे. पण दुपारचं युनिट आणि रात्री आठचं युनिट बिलात सारखं दिसलं, तरी ग्रीडला, म्हणजे सगळी केंद्रं आणि घरं जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याला, ते सारखं नसतं. माझ्या सगळ्या उत्तराचं मूळ इथेच आहे.

नियंत्रण कक्षात समोर एक मोठा आकडा सतत दिसत असतो: ५०.०० हर्ट्झ. ही ग्रीडची फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं. वापर वाढला आणि निर्मिती तेवढीच राहिली, तर हा आकडा खाली सरकतो. वापर घटला तर वर जातो. ग्रीडमध्ये वीज साठत नाही. कोल्हापुरात कोणी गीझर लावला की त्याच क्षणी कुठल्या तरी केंद्रावर तेवढा भार पडतो. नव्वदच्या दशकात आम्ही ४८.५ वर दिवसच्या दिवस काढलेत. तेव्हा घरातले पंखे मंद फिरायचे, आणि गावोगावच्या भारनियमनाचे आदेश आमच्याच टेबलावरून निघायचे. आता ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राहायचं बंधन आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेसह सगळा देश एका ग्रीडमध्ये आला. तुमच्या सोलापूरनं त्या दिवशी फार मोठं काम केलंय, हे तिथल्या कितीतरी लोकांना ठाऊक नाही.

हा आकडा सांभाळणं म्हणजे काय, ते ५ एप्रिल २०२० च्या रात्री सगळ्या देशाला कळायला हवं होतं. टाळेबंदीत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे बंद करायचे होते. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी होतो, पण साडेआठपासून जीव टांगणीला लागला होता. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१ हजार मेगावॅटनं खाली आली आणि दिवे लागल्यावर तशीच वर चढली. तो धक्का मुख्यतः पाण्यानं पेलला. नऊच्या आधी जलविद्युत मुद्दाम वर नेऊन ठेवली होती, दिवे विझताना ती सुमारे साडेसतरा हजार मेगावॅटनं उतरवली, आणि मग परत चढवली. एवढ्या वेगानं कोळशाच्या संचाला वर-खाली करता येत नाही, आणि सूर्य तर त्या वेळी हजरच नव्हता.

आता कोळशाबद्दल सविस्तर सांगतो, कारण तिथे माझी हाडं झिजली आहेत.

५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भारानं चोवीस तास चालला तर १ कोटी २० लाख युनिट देतो. आपल्याकडच्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के असते, त्यामुळे एका युनिटला साधारण ६५० ग्रॅम कोळसा लागतो. म्हणजे दिवसाला साडेसात-आठ हजार टन, रेल्वेच्या भाषेत दोन रेक, म्हणजे दोन मालगाड्या, आणि एकेका रेकला ५८-५९ वाघिणी. हे एका संचाचं झालं. चंद्रपूर केंद्राची एकूण क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तिथला कोळसा आसपासच्या खाणींतून येतो म्हणून ती वीज स्वस्त पडते. तोच कोळसा परळीपर्यंत न्यायचा तर भाड्यातच दर चढतो.

जळालेल्या कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम ३५ टक्के वीज होते. कोराडीतल्या ६६० मेगावॅटच्या नव्या सुपरक्रिटिकल (खूप जास्त दाबाच्या वाफेवर चालणाऱ्या) संचांत ती त्याहून चांगली, चाळीसच्या आसपास. उरलेली उष्णता चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून जाते. कूलिंगसाठी पाणी लागतं आणि कोळशाइतकंच ते निर्णायक असतं. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. कोळसा होता, माणसं होती, यंत्रं होती, पाणी नव्हतं. कोराडीत नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात. माझ्या मते ती गेल्या वीस वर्षांतली आपल्या वीजक्षेत्रातली सर्वांत शहाणी गोष्ट आहे आणि तिचं पुरेसं कौतुक झालेलं नाही.

कोळशाचा संच बटण दाबून सुरू होत नाही. थंड पडलेला बॉयलर आधी तेलावर पेटवायचा, ड्रम आणि नळ्या हळूहळू तापवायच्या, वाफ जवळपास ५४० अंशांपर्यंत न्यायची, टर्बाइनचं जाड लोखंड सगळीकडून सारखं तापेल इतका धीर धरायचा. घाई केली तर रोटर वाकतो. थंड अवस्थेतून भार घेईपर्यंत दहा-बारा तास सहज जातात. म्हणून दुपारी सूर्य आहे म्हणून संच बंद केला आणि संध्याकाळी सहाला सुरू केला, असं करता येत नाही. दुपारी त्याला फक्त मंद ठेवता येतं. बराच काळ त्याची मर्यादा ५५ टक्के भार ही होती. त्याखाली गेलं की ज्योत डगमगायला लागते, तेलाचा फवारा मारणाऱ्या गनचा आधार द्यावा लागतो, आणि तेल महाग. २०२३ च्या नियमांनुसार आता टप्प्याटप्प्यानं ४० टक्क्यांपर्यंत उतरायची तयारी करायची आहे. ते जमेल, पण रोज तापवणं-निववणं झालं की नळ्यांना भेगा जातात. ट्यूब लीकेजनं बंद पडलेला संच पुन्हा उभा करायला दोन-तीन दिवस मोडतात. सौर वाढतं तसा हा खर्च कोळशाच्या माथी बसतो, आणि ‘सौर अमुक रुपयांना मिळतं’ म्हणताना तो मोजला जात नाही.

एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. भर पावसाळा, पहाटेचे तीन. चिखल झालेला कोळसा बंकरच्या, म्हणजे कोळसा साठवायच्या टाकीच्या, भिंतींना चिकटला आणि एकामागोमाग एक कोळसा दळणाऱ्या मिल रिकाम्या फिरू लागल्या. कंत्राटी कामगार घण घेऊन बंकरच्या बाहेरून ठोकत होते, आत वाळवण टाकल्यासारखा कोळसा थरांनी बसलेला. मी तेलाच्या गन लावायला सांगितल्या, तोवर ज्योत गेली. संच ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. दोनशे दहा मेगावॅट एका क्षणात शून्य. फ्रिक्वेन्सी खाली गेली आणि कुठले तरी फीडर उघडले गेले, म्हणजे गावांकडे जाणाऱ्या लाइनी तोडल्या गेल्या. त्या रात्री कुठल्या गावात अंधार झाला ते मला कधीच कळलं नाही. पुढे लोड डिस्पॅचला गेल्यावर फीडर उघडायचा आदेश मी दिला, तेव्हा दर वेळी ती रात्र आठवली.

कोळशाचं बाकीचं देणंही मी नाकारणार नाही. एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ५०० मेगावॅटच्या एका संचातून दिवसाला अडीच-तीन हजार टन राख निघते. वसाहतीत आमच्या बायका दोरीवरचे कपडे झटकून मगच घडी घालायच्या. पलीकडच्या गावांना तर झटकायलाही वेळ नव्हता, कापसावर राख बसायची. म्हणून कोळसा कमी व्हावा असं मला मनापासून वाटतं. तो कमी कसा करायचा, ते मात्र पुरतं समजून करावं लागेल.

कोयना. महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात, ते खरंच आहे, फक्त तिचं मोल कशात आहे ते सहसा चुकीचं सांगितलं जातं. चारही टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं वीजघर धरून क्षमता १,९६० मेगावॅट. धरणामागच्या शिवसागर जलाशयाचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पश्चिमेला वळवून पावणेपाचशे मीटर खाली पोफळीला सोडतात. गच्चीवरची हजार लिटरची पाण्याची टाकी असते ना, तेवढं पाणी तिथे खाली आलं की एक युनिटपेक्षा थोडी जास्त वीज मिळते. ओंजळभर कोळशाचं काम एक टाकी पाणी करतं, पण धूर नाही, राख नाही.

मग चोवीस तास का नाही? कारण हे पाणी मोजून मिळतं. कृष्णेचं पाणी मुळात पूर्वेला वाहणारं. कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. सगळे टप्पे अहोरात्र पूर्ण जोरात चालवले, तर वर्षभराचा हा कोटा साधारण दोन महिन्यांत संपेल. आणि तेच पाणी टेंभू-ताकारीच्या उपसा सिंचनाला हवं असतं, सांगलीच्या द्राक्षांना हवं असतं, दुष्काळात कर्नाटकही मागतं. म्हणून कोयना राखून ठेवायची आणि संध्याकाळी मागणी चढते तेव्हा सोडायची. आम्ही फोन केला की पोफळीचं मशीन काही मिनिटांत भारावर यायचं. एखादा मोठा संच अचानक गेला, तर पहिला फोन कोयनेलाच जायचा. १९९९ च्या मार्चमध्ये तळ्याखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक सुरुंगानं उडवला आणि पाणी आणखी खालच्या पातळीवरून घेता येऊ लागलं. आशियातलं ते पहिलं लेक टॅपिंग. उन्हाळ्याच्या शेवटी, पातळी खाली गेलेली असताना, त्या बोगद्याचा आधार मी स्वतः वापरला आहे.

पाण्याची वीज स्वस्त असते असं म्हणताना एक गोष्ट विसरू नये. खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ चं, भिवपुरी १९२२ चं, भिरा १९२७ चं. भिऱ्यासाठी मुळशीचं खोरं बुडालं, त्याविरुद्ध सेनापती बापट आणि मावळे लढले. कोयनेतूनही गावंच्या गावं उठली. आपण घेतो तो दर ज्यांनी आधीच चुकता केला आहे, ती माणसं आपल्या बिलात दिसत नाहीत.

बाकीच्यांचं थोडक्यात. उरणचं वायू विद्युत केंद्र ६७२ मेगावॅटचं आहे. वायूची टर्बाइनं चपळ असतात, बाहेर पडणारी गरम हवा पुन्हा वाफ करायला वापरली की कार्यक्षमताही कोळशापेक्षा बरीच चांगली. अडचण इंधनाची आहे. देशातला वायू आधी खत कारखान्यांना आणि शहरांतल्या घरगुती पाइपांना जातो, विजेच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. आयात वायूवर चालवायचं तर दर परवडत नाही. तारापूरमध्ये १९६९ साली देशातली अणुवीज सुरू झाली. नंतरचे ५४० मेगावॅटचे दोन संच नैसर्गिक युरेनियम आणि जड पाण्यावर चालतात. त्यात एक किलो युरेनियम सुमारे पन्नास हजार युनिट देतं, म्हणजे तीस टनांहून जास्त कोळशाचं काम. ती वीज रात्रंदिवस एकाच पातळीवर येत राहते. ग्रीडचा पाया म्हणून उत्तम, पण संध्याकाळी ‘थोडी वाढवा’ म्हणायची सोय नाही.

वाऱ्याची आणि पावसाची मात्र गंमत बघण्यासारखी आहे. चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर किंवा साक्रीकडे जून ते सप्टेंबर पवनचक्क्या दणकून फिरतात. नेमके तेव्हा शेतीपंप बंद असतात, एसी बंद असतात, राज्याची मागणी घसरलेली असते. मग कोळशाचे संच मंद करायचे किंवा देखभालीला काढायचे. ऑक्टोबर उजाडला की सगळं उलटं होतं. वारा पडतो, पाऊस थांबतो, उन्हाची काहिली सुरू होते, रब्बीसाठी पंप लागतात, आणि खाणीतला कोळसा अजून ओलाच असतो. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये देशभर कोळशाचे साठे तळाला गेले होते, ते आठवत असेल. लोक मे महिन्याला घाबरतात, आम्ही ऑक्टोबरला घाबरायचो. त्या काळात साखर कारखान्यांची सहवीज कामाला येते. गाळप सुरू झालं की उसाचा चोथा जाळून आलेली वीज, तीही गावाजवळच, रात्रीसुद्धा. मला वाटतं या स्रोताकडे आपण पुरेसं गांभीर्यानं पाहिलेलं नाही. ऊस पाणी किती पितो हे माहीत असूनही म्हणतो, कारण चोथा तर तसाही निघणारच आहे.

आता सौर. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा आणि वर्षाला पंधरा-सतरा लाख युनिट. ५०० मेगावॅटचा कोळसा संच सरासरी ७० टक्के भारानं वर्षाला सुमारे ३०० कोटी युनिट देतो. तेवढी युनिटं उन्हातून हवी असतील तर साधारण १,८०० ते २,००० मेगावॅटची पॅनलं आणि सात ते दहा हजार एकर जमीन लागेल. जमीन मिळेलही, पण ती सगळी वीज दिवसाच येणार. म्हणूनच शेतीपंपांना दिवसा वीज देण्याचा जो कार्यक्रम चालला आहे, तो मला आजवरच्या सगळ्या योजनांत सरस वाटतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २०१७ पासून आहे. शेतीचा भार रात्रीतून उचलून उन्हात आणला, तर सौर वीज जिथल्या तिथे वापरली जाते, लांबच्या लाइनींवरची गळती वाचते, आणि शेतकऱ्याला थंडीत रात्री दोन वाजता बॅटरी हातात घेऊन, सापविंचवाच्या भीतीत पाणी द्यायला जावं लागत नाही. माझे चुलते तसे जात. या एकाच कारणासाठी मी या योजनेच्या बाजूनं उभा राहीन.

आणखी एक गोष्ट पॅनल देत नाही. कोळसा, पाणी, अणुवीज यांच्याकडे शेकडो टनांची फिरती लोखंडी धुडं असतात. आजी जातं ओढताना मधेच घास टाकायला एक हात काढायची, तरी वरची पाळ स्वतःच्या वजनानं फिरत राहायची. ग्रीडमध्ये एखादा संच गेला की उरलेले रोटर तसेच आपल्या वजनानं काही सेकंद सावरून धरतात आणि तेवढ्यात कोयनेला भार घेता येतो. पॅनलमध्ये फिरणारं काहीच नाही. इन्व्हर्टर (पॅनलची वीज ग्रीडच्या विजेत बदलणारं यंत्र) आणि बॅटऱ्यांना हे काम शिकवता येतं, त्यावर काम चालूही आहे, पण ते मुद्दाम करावं लागतं.

मग कोळसा कमी कसा करायचा? दुपारची वीज संध्याकाळपर्यंत धरून ठेवता आली पाहिजे. सह्याद्री असलेल्या राज्याला यासाठी दूर जायची गरज नाही. घाटघरला वर अकोले तालुक्यात एक धरण आणि खाली शहापूर तालुक्यात दुसरं, मधे २५० मेगावॅटचं वीजघर. वीज जास्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, कमी असते तेव्हा खाली सोडायचं. भिऱ्यालाही १५० मेगावॅटचा असा संच आहे. चढवायला लावलेल्या चार युनिटांतली तीन परत मिळतात. पूर्वी आम्ही कोळशाची उरलेली वीज वापरून रात्री पाणी चढवायचो, आता ते दुपारी उन्हावर चढवणं शहाणपणाचं ठरेल. असे प्रकल्प वाढले, बॅटऱ्या स्वस्त होत गेल्या, की जुने २१० मेगावॅटचे संच आधी काढावेत. ते कोळसा जास्त खातात, वर-खाली व्हायला कुरकुरतात, आणि वस्तीजवळ आहेत. सुपरक्रिटिकल संचांची गरज अजून काही वर्षं राहील, रोज कमी-जास्त भारावर, ऑक्टोबरमध्ये पूर्ण जोरात. ‘सगळ्यात चांगलं इंधन कोणतं’ याचं मला यापेक्षा सरळ उत्तर देता येत नाही. दुपारी एकला सूर्य, जुलैत वारा, संध्याकाळी सातला कोयना, आणि रात्री तीनला अजून तरी चंद्रपूर आणि तारापूर.

तुम्ही घरी करण्यासारखं एकच आहे. पाण्याची मोटर, कपड्यांचं मशीन, इस्त्री अकरा ते तीनच्या दरम्यान लावा. तुमच्या बिलात फरक पडेलच असं नाही, पण तेवढी युनिटं तुमच्या गच्चीवरून थेट तुमच्याच घरात जातील. तुमच्याकडे वीज फारशी जात नसेल तर बॅटरीची घाई करू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, लाइट गेली की सौर बंद का पडतं. तुमचा इन्व्हर्टर ग्रीडचे ५० हर्ट्झ ऐकून त्याच्या तालावर वीज देतो. ताल थांबला की त्यानं थांबायचं, असा नियम आहे. कारण लाइट गेली असेल तेव्हा बहुधा जवळच्याच खांबावर वायरमन चढलेला असतो. त्यानं डीपीवरून पुरवठा तोडला आहे, लाइन मेली आहे असं समजून हात घातला आहे, आणि त्याच वेळी तुमच्या गच्चीवरून त्या तारेत वीज येत राहिली तर काय होईल ते सांगायला नको. वीज परत आल्यावरही इन्व्हर्टर लगेच सुरू होत नाही. दाब आणि फ्रिक्वेन्सी स्थिर आहे का ते काही मिनिटं बघतो आणि मग जोडला जातो. त्या वेळात त्याचा हिरवा दिवा लुकलुकत असेल तर चिडू नका, तक्रारही करू नका, आणि कुणी इलेक्ट्रिशियन ‘ही सेफ्टी काढून देतो’ म्हणाला तर त्याला गच्चीवर पाय ठेवू देऊ नका.